होडी लागेपर्यंत उपाशी

श्रीवर्धनजवळच्या एका दवाखान्यात मी केसपेपर लिहायचे आणि औषधं द्यायचे. तिथे मला एकाच माणसाचा हेवा वाटला, तो आमच्या नर्सबाईंचा. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी पुस्तकातलं आणि आवाज आतल्या आत राहणारा. त्या सातवी पास. पण त्या बोलू लागल्या की बाकावरची माणसं खोकायचं विसरायची.

कोळीवाड्यातली एक बाई क्षयाच्या गोळ्या नेत असे. पहिल्या दिवशी तिला मीच समजावलं होतं : सकाळी आणि रात्री, जेवण झाल्यावर. चिठ्ठीही सुरेख अक्षरात लिहून दिली. तिने ‘व्हय, व्हय’ म्हणून मान डोलावली आणि मला ते पुरेसं वाटलं. महिना झाला तरी ताप हटेना, वजन उतरतच चाललं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हिला मुंबईला पाठवावं लागेल. तिथून ती परत येईलच, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

तेव्हा नर्सबाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाकावर जाऊन बसल्या.

“आता तू नर्स, मी कोळीण. सांग गो बाय, गोळी कधी घेऊ?”

ती लाजून हसली. “जेवल्यावर.”

“आन् जेवलेच न्हाय तर?”

“मग कशाला घ्याची? दादला दर्यावर हाय तवर मी जेवत न्हाय. होडी लागली का मंग जेवते.”

“आन् होडी लागते कधी?”

“कंदी दोन दिसांनी, कंदी तीन.”

“अगो, देवाला उपास तू बोललीस, का गोळी बोलली? चहा पितेस ना? मग चहासंगं गिळ.”

सगळा दवाखाना हसला. मी औषधांच्या कपाटाआड उभी होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिच्या तापाचं काही वाटलं नाही. हा साधा प्रश्न मला का सुचला नाही, एवढंच टोचत राहिलं. घरी आरशासमोर ‘सांग गो बाय’ म्हणून पाहिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात इंग्रजी कविता म्हणत असल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा नर्सबाई एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. मी तिला काट्यावर उभं केलं. वजन तीन पौंडांनी वाढलं होतं. बातमी नर्सबाईंची होती, त्यांनीच ती द्यायला हवी होती. पण मी घाईघाईने सांगून टाकली आणि तिचा उजळलेला चेहरा अधाशासारखा पाहून घेतला.

“येवढं?” ती म्हणाली. मग दाराकडे पाहत, “नर्सबायला तुमी सांगाल, का मी थांबू?”

“मी सांगेन ना.”

ती पदर सावरून बाकावर बसली आणि थांबली.