कोवलमची सुरमई आणि मामींचा डबा

चेन्नईत नोकरीला आलात की शनिवारी काय करायचं हा प्रश्न पडतोच, म्हणून आधी कामाचं सांगतो. सकाळी एग्मोर स्टेशनजवळच्या गल्लीत गरम पोंगल हाणा, तिरुवान्मियूर गाठा आणि महाबलीपुरमकडे जाणाऱ्या बसमध्ये डावीकडची खिडकी पकडा. समुद्र त्याच बाजूला आहे. तासाभरात कोवलम येतं. केरळातलं ते वेगळं. हा आपला साधा कोळीवाडा, होड्या आणि जाळ्यांचा. किनाऱ्यावरच्या टपरीत तव्यावरची सुरमई दोनशे-अडीचशे रुपयांत पोटभर मिळते.

आता खरी गोष्ट. एग्मोरला मी आणि प्रशांत ज्यांच्या माडीवर राहतो, त्या मामी तंजावरकडच्या मराठी. "आम्ही दोघंही शाकाहारी," असं मी छातीठोकपणे सांगितलं म्हणून खोली मिळाली. प्रशांत खरोखरच शाकाहारी. मी मालवणचा.

त्या शनिवारी प्रशांत तापाने पडला होता, मी एकटाच निघालो. मामींनी पहाटे उठून चिंचेचा भात केला आणि स्टीलच्या डब्यात भरून दिला. "बाहेरचं खाऊ नका हो," म्हणाल्या.

कोवलमला तव्याचा वास आला आणि माझा नेम मोडला. दोन तुकड्या तिथेच खाल्ल्या. तिसरी रात्रीसाठी हवी होती, पण कागदातून तेल गळायला लागलं. मग मी मामींचा भात कावळ्यांना टाकला आणि सुरमई डब्यात घातली. लिहितानाही लाज वाटते. रात्री प्रशांत झोपल्यावर ती खाल्ली आणि डबा तीनदा साबणाने, एकदा लिंबाने घासला.

पुढच्या शनिवारी प्रशांत अजून अशक्तच होता, म्हणून कांचीपुरमलाही एकटाच निघालो. (दोन तासांचा रस्ता, देवळं सकाळीच बघा, दुपारी बंद असतात. मिरं-सुंठीची जाड कांचीपुरम इडली चुकवू नका.) जिन्याखाली मामी उभ्या होत्या, हातात केळीच्या पानात बांधलेला भात.

"त्या डब्याला मासळीचा वास येतो," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी खाल्लं की?"

चोराच्या मनात चांदणं. खोली जाणार, एवढंच डोक्यात आलं.

"प्रशांतने असेल, मामी. मी परत आल्यावर डबा खोलीतच होता."

"पावम, बिचारा! ज्वरात तोंडाला रुची नसेल." त्यांचा चेहरा निवळला. "आमचा नातू पण खातो, हॉस्टेलात. घरी आला की त्याला वेगळा डबा असतो. प्रशांताला सांगा, भिऊ नको म्हणावं, त्यालाही एक देते. तुम्ही तरी नेम पाळलात, बरं वाटलं मला."

तो भात बसमध्ये मांडीवर तसाच बांधलेला राहिला. कांचीपुरम पाहिलं म्हणायचं, इतकंच.

संध्याकाळी घरी आलो तर प्रशांतच्या उशाशी मामींनी पाठवलेलं सार होतं आणि नवा कोरा डबा. तो बिचारा मला विचारत होता, "हा कशाला दिलाय रे?" मी म्हटलं, माहीत नाही.

याला महिना झाला. मामी मराठी बोलतात, पण लिहितात-वाचतात तमिळ. आपली लिपी त्यांना येत नाही. म्हणूनच हे कबूल करायचं धाडस मी इथे केलं. मामींच्या दारापर्यंत बारा पायऱ्या आहेत, पण खरं सांगायला त्या मी अजून उतरलो नाही.