खालचा नळ

चौथीत माझ्या हुशारीचा उपयोग पाणी आणायला होत असे. ही तक्रार नाही. शाळेची पद्धतच तशी होती. गुरुजी फळ्यावर गणितं घालत, आणि ज्याची आधी होतील त्यानं पाटी पालथी ठेवून शाळेमागच्या हापशावर जायचं, शाळेची घागर राखायला. दुष्काळ होता. घागरींची रांग मारुतीच्या ओट्यापर्यंत जायची, आणि जवळ माणूस नसलं की घागर आपोआप मागं सरकायची. बाकीची पोरं सावलीत गणिताशी झटत बसलेली, आणि शंभरापैकी शंभरवाली मी उन्हात. मठ्ठपणाचे फायदे मला फार लवकर कळले. पण मुद्दाम चूक करायला हात वळत नसे. हा माझा गुण नव्हता, माज होता.

आमचं गाव उदगीरजवळ. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. शाळेच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिलं होतं, पण रंगात काटकसर केल्यामुळं जुना जिल्हा खालून डोकावायचा. टँकर पूर्वी लांबून येत नसे, आता जवळून येत नव्हता. आमचे हेडमास्तर, ज्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत, ते मात्र नव्या जिल्ह्यानं पेटले होते. या जिल्ह्यात अजून कोणीच पहिलं आलेलं नव्हतं. चौथीच्या स्कॉलरशिपला मी पहिली येणार, हे त्यांनी पाटी रंगवायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

अशात सातवीला गणित शिकवायला नव्या बाई आल्या. माहेर नांदेडकडं, नायगावचं. लग्नानं इकडं आलेल्या. सातवीच्या वर्गाची खिडकी हापशावर उघडायची. बाईंनी मला काही दिवस तिथं पाहिलं आणि एकदा दारात अडवलं.

"काय गं, रोज तुझीच पाळी कशी काय येऊन राहिली?"

"माझी गणितं आधी होतात."

"मग दुसरी देत न्हाईत का?"

दुसरी देतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी घागरीशेजारी उभी राहून मी दुसऱ्या गणितांचाच विचार करत होते. कुठंतरी ती आहेत आणि आपल्याला कोणी दिली नाहीत, याचा मला मनस्वी राग आला.

संध्याकाळी बाई आमच्या दुकानात आल्या. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसार मालाचं दुकान होतं. सातवीच्या स्कॉलरशिपचा जुना पेपर हिला देऊन बघू, असं बाई म्हणाल्या. अप्पा हसले.

"चौथीच्या पोरीला सातवीचा पेपर? फेल हुईल की."

बाईंनी पोत्यावरचं मापटं उचललं. "ह्याच्यात ज्वारी ओतत राहिलात तर?"

"भरंल. मग सांडंल."

"पोत्यात किती हाय ते कळंल?"

"कसं कळंल? त्याला मोठी पायली लागती."

"हिला शाळा मापट्यानंच मोजून राहिली," बाई म्हणाल्या.

अप्पांना हे पटलं. पण पटलं म्हणून लगेच करायचं, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. पेपर द्यायचा, पण कधी द्यायचा, यावर जो तो आपलं पंचांग काढून बसला. अप्पा म्हणाले, सुगी होऊ द्या. ज्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही त्या वर्षी ते सुगीची वाट बघत होते. माझा थोरला भाऊ, अण्णा, सातवीतच होता. तो म्हणाला, मी सातवी पास झाल्यावर बघा. त्याचा प्रगतीचा वेग पाहता तोवर माझं लग्न झालं असतं. मोठे गुरुजी म्हणाले, "पाऊस पडू द्या, मग बघू." पावसाचा आणि पेपरचा संबंध काय, हे त्यांनी सांगितलं नाही. तो मला पुढं कळला.

शेवटी अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "पेपर हाय, इंजेक्शन न्हाई. लिहू द्या की तिला."

रविवारी रिकाम्या वर्गात बाईंनी मला पेपर दिला. सुरुवातीला मी सुसाट सुटले. मग प्रश्न अंगावर यायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी गणिताकडं बघत होते आणि गणित माझ्याकडं. एका हौदाला वरून एक नळ पाणी भरतो, खालचा एक नळ ते सोडतो, दोन्ही चालू ठेवले तर हौद किती वेळात भरेल? मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. नळ मी उदगीरला पाहिला होता. पण हौद भरत असताना खालचा नळ उघडा ठेवणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. आमच्या गावात तो संध्याकाळपर्यंत जिवंत राहिला नसता. मी रडले, नाक पुसलं आणि उत्तर लिहिलं: 'खालचा नळ आधी बंद करावा.'

शंभरातले चोपन्न पडले. हौदाला शून्य.

अप्पा जन्मभर शीग लावून, काठाच्या वर भरून माप देणारे. त्यांनी चोपन्नकडं असं पाहिलं, जणू कोणी भर बाजारात त्यांचं माप खोटं म्हणून धरलं होतं. अण्णानं आपल्या वाटणीचा गूळ मला दिला, इतका तो खूश होता. मोठे गुरुजी तर गहिवरलेच. "लहान लेकराला उगं ताण नको," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला पहिल्या तासालाच हापशावर पाठवलं. मी मात्र आतून खचले होते. आपण हुशार नाही, फक्त चौथी सोपी आहे, असं मला वाटायला लागलं होतं. ते अर्धं खरंही होतं.

बाई मोठ्या गुरुजींना घेऊन घरी आल्या, त्या जणू पेढे वाटायच्या बेतात.

"चोपन्न म्हंजे लई झाले. चौथीच्या शंभरानं काहीच कळत नव्हतं. आता कळलं हिला काय येतं अन् कुठून येत न्हाई."

"बाई, गिऱ्हाइकाला अर्धी पायली देऊन बघा," अप्पा म्हणाले. "काय म्हणतंय ते सांगा मला."

"हिला इकायची हाय का?"

बाई पुढं म्हणाल्या, "वर चढवू नका. वय लहान हाय, चौथीतच राहू द्या. फक्त सातवीच्या गणिताच्या तासाला माझ्याकडं बसू द्या."

सातवीचा गणिताचा तास म्हणजे बरोबर हापशाची वेळ. मोठे गुरुजी खुर्चीत जरा हलले. त्यांनी माझं वय काढलं, तब्येत काढली, जिल्ह्यातला पहिला नंबर काढला, आणि सगळं संपल्यावर म्हणाले, "पण मग शाळेची घागर कोण राखंल? दुसरं पोरगं ठेवलं की घागर मागं जाती."

पावसाचा आणि पेपरचा संबंध तो हा होता. मी दाराआड उभी होते, आणि तो तास मला फार हवा होता.

"मी राखते," आतून अव्वा म्हणाली.

अप्पा चमकले. आमच्या घरी पाणी गडी आणायचा. अव्वा कधी हापशावर गेलेली नव्हती. "भुसारवाल्याची बायको हापशावर उभारनार?"

"उभारले तर झिजन का मी?"

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या शेवटच्या बाकावर बसले. अण्णानं माझ्याकडं पाठ केली आणि ती वर्षभर तशीच ठेवली. बाईंनी फळ्यावर तोच हौद काढला. खिडकीतून अव्वा दिसत होती. डोक्यावर पदर, समोर शाळेची घागर, आणि मागून पुढं घुसू पाहणाऱ्या एका बाईशी तिचं जोरात भांडण चाललं होतं. ती जिंकत होती आणि तिला ते फार आवडत होतं, हे इतक्या लांबूनही कळत होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी पाटीकडं वळले. वरचा नळ तासाभरात जेवढं भरतो, त्यातून खालचा नेतो तेवढं वजा करायचं. उरतं ते हौदाचं. एवढंच होतं.

उत्तर आलं तशी मी सवयीनं पाटी पालथी ठेवली आणि उठून दाराकडं चालू लागले.

"कुठं निघालीस?" बाईंनी विचारलं.

"हापशावर."

"बस खाली," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फळ्यावर दुसरं गणित घातलं.

ते मला आलं नाही. मला फार बरं वाटलं.