काकांच्या तुरीतली वाट

तालुक्याच्या गावात किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. तहसीलच्या बाकावर नुसतं बसून राहिलं, की ते आपोआप शेजारी येऊन टेकतात. मी दिल्लीहून कायदा शिकून परत आले तेव्हा मात्र मला किस्से नको होते, न्याय हवा होता. आता दोन्ही एकाच बाकावर भेटतात, एवढं कळलंय.

माझं पहिलंच प्रकरण माझ्या सख्ख्या चुलत्यावर होतं. आमच्या गावाबाहेर ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. तिच्याकडे जाणारी गाडीवाट दत्ताकाकांच्या शेतातून जायची. काकांनी तिच्या तोंडाला बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वाट नांगरली आणि तूर पेरली. मागच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एका बाळंतिणीला बाजेवर घालून चिखलातून आणलं. बाळ वाटेतच गेलं. आता तिची धाकटी जाऊ सविता पोटुशी होती आणि दिवस संक्रांतीच्या सुमारास भरत होते. त्याआधी वाट उघडायची, एवढंच मला दिसत होतं.

*

वस्तीचा अर्ज द्यायला तहसीलमध्ये गेले. तिथल्या कारकून भाऊसाहेबांनी अर्जाखालचं माझं आडनाव वाचलं, सामनेवाल्याचं आडनाव वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"कोण लागतेत तुमचे?"

"काका."

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. आजारी माणसाला सांगतात तसा.

"मॅडम, इथं भावाभावाच्या भांडणाची रांग हाय. तुम्ही तर वडलांच्या वाटणीचं भांडण परस्पर उचलून आणलंत."

*

बातमी माझ्याआधी गावात पोचली. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवसापासून माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलू लागले. काका तर घरी आलेच नाहीत. मुखेडच्या आठवडी बाजारात भेटले. भाजीवाल्यांच्या मधोमध त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळं आजूबाजूचे सगळे गप्प झाले.

"वकिलीणबाई, पहिल्यांदा दिल्लीला चाललीस तवा नांदेडच्या स्टेशनावर कोण आलतं सोडायला?"

"तुम्ही, काका."

"गाडी हलल्यावर तू रडाय लागली होतीस. ‘काका, उतरवा’ म्हणत होतीस."

"हो."

"तवाच उतरवायला पायजे होतं."

एवढं बोलून ते गेले. माझ्या पिशवीत भाजीवालीनं न मागता कोथिंबीर टाकली.

*

मग माझाच एक पराक्रम. वस्तीवर सविताला चक्कर आली असा फोन आला. मी जीप घेऊन निघाले, ती कुंपणापाशी अडली. मी खाली उतरले आणि हातांनी काटे उपसून बाजूला फेकायला लागले. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या माणसानं असं करू नये, हे मला पाठ होतं.

तिथंच काकांचं शेतातलं घर आणि गोठा. काका गोठ्यातून बाहेर आले. त्यांच्या मागं दोन गडी होते, एकाच्या हातात कुऱ्हाड. मला वाटलं, आता होतंय काहीतरी. काकांनी गड्यांना हातानंच थांबवलं. मी एक फांदी फेकायची, ते ती उचलून परत जागेवर ठेवायचे. माझे हात रक्तानं भरले, त्यांचेही.

शेवटी काकू हळदीची वाटी घेऊन आली. आधी माझ्या हाताला लावली, मग काकांच्या.

"बोराटीचा काटा पिकतो," ती म्हणाली. "दोघांचाबी."

सविताला तेवढ्यात वस्तीवरच्या दोघींनी धरून बांधाबांधानं चालवत आणलं होतं. बाळ ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं चालवू नका. त्याआधी, जीपमध्ये चढताना तिनं मला विचारलं होतं, "ताई, कळा सुरू झाल्यावर बी असंच का?" काकू काट्यांच्या पलीकडं उभी होती. तिलाही ते ऐकू गेलं.

*

सुनावणीची गंमत वेगळीच. ही वाट वहिवाटीची, म्हणजे नुसती वापरून पडलेली. ती नकाशात नसते, ती साक्षीदारांच्या तोंडात असते. आणि गावात तर हंगामात प्रत्येकाला काकांचा ट्रॅक्टर लागतो.

म्हातारे बापूराव तेवढे साक्षीला कबूल झाले होते. उभा जन्म त्यांनी त्या वाटेनं बैलगाडी हाकलेली. तहसीलदार मॅडमनी विचारलं, या वाटेनं गेलात का?

"गेलो की."

"वाट कुठून कुठं जात होती, सांगा."

बापूरावांनी दाराकडं पाहिलं. दारात काका हाताची घडी घालून उभे होते.

"ते कसं सांगावं मॅडम. मी गाडीत निजून जायचो. वाट बैलाला म्हाईत."

सगळं ऑफिस हसलं. संध्याकाळी गावही हसलं. पारावर हाच किस्सा, पिठाच्या गिरणीत हाच किस्सा. काकूलाही कुणीतरी सांगितला. ती हसली नाही, असं गिरणीवाली म्हणाली.

*

संक्रांत तोंडावर आली तेव्हा मॅडम स्वतः जागा बघायला आल्या. मागं तलाठी, जेसीबी, दोन पोलीस आणि सगळं गाव. ओढ्याच्या पलीकडं सविता पोटावर हात ठेवून उभी होती. समोर छातीएवढी तूर, एकसारखी, कुठं रेघ नाही.

मॅडमनी एकेकाला विचारलं. एकेकानं मान खाली घातली. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा चपलेनं ढेकूळ फोडत राहिले.

"वाट दाखवणारं कुणीच नसेल, तर मला तसंच लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"लिहा मॅडम," काका म्हणाले.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

गोठ्यातून सर्जा बाहेर आला. काकांचा म्हातारा बैल. ट्रॅक्टर आल्यावरही त्यांनी त्याला विकला नव्हता. आम्हा कुणाकडं न बघता तो तुरीत शिरला. सरळ गेला. लिंबापाशी त्यानं वळसा घेतला, जिथं वळण्यासारखं काहीच नव्हतं. मग बांधाच्या कडेकडेनं उतरत ओढ्यावर पोचला, बरोबर सविता उभी होती तिच्या समोर, आणि पाणी पिऊ लागला.

बापूरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तलाठी," मॅडम म्हणाल्या, "बैल गेला तिथून चुन्याची फक्की मारत चला."

काका गोठ्याकडं वळले. काकू दारातच उभी होती. सर्जाचं दावं तिच्या हातात होतं.

"ह्याला कुणी सोडलं?"

काकूनं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं.

"तहान लागली आसंल त्याला," ती म्हणाली. "मी काई बोलले का?"