बिलिंबीचा रस

जामूच्या, म्हणजे झाडपाल्याच्या पेयाच्या, बाटल्यांची टोपली पाठीशी बांधून सामिनेमने सगळ्या गावाला पाजलं होतं. पोरींना हळद-चिंचेचं, थोरांना कडू काढा. धाकट्या भावासाठी, दर्सोसाठी, ती मूत्री तुळशीचा काढा वेगळा आणायची. त्याला मुतखडा झाला होता तेव्हापासूनचा तो नेम. म्हणून दर्सोच्या किडन्या बिघडल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या बायकोला, वारसीला, दोषी शोधायला लांब जावं लागलं नाही.

विहिरीवर चार बायकांत ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या पाल्याच्या पाण्यानं माझ्या नवऱ्याच्या किडन्या खाल्ल्या. आता गावाला तरी सोडा."

सामिनेम मऊ स्वभावाची, पण त्या दिवशी तिनेही तोंड सोडलं. नंतर गिऱ्हाइकं हसून दोन शब्द बोलायची, पेला मात्र कोणी पुढे करीना.

भावाच्या पुढच्या तपासणीला ती न बोलावता दवाखान्यात जाऊन बसली. वारसीने मधली खुर्ची मुद्दाम रिकामी सोडली. घरी औषध काही घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी मागच्यासारखंच विचारलं आणि दर्सो मागच्यासारखंच नाही म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे जामूला औषध कोण म्हणतं?

"औषध नाही, पितो काय ते विचारा," सामिनेम म्हणाली. आधी तिने स्वतःचा काढा सांगितला. वारसीने "ऐकलंत ना?" अशा नजरेने बाईंकडे पाहिलं. मग सामिनेमने भावाला विचारलं, तुझ्या मागच्या दारी पिळलेल्या बिलिंबीच्या आंबट फळांचा एवढा ढीग कशाचा पडतो?

दर्सो बायकोकडे बघत राहिला. रक्तदाब उतरावा, हृदय जपावं म्हणून वारसी त्याला रोज उपाशीपोटी पेलाभर रस पिळून देत होती.

बाईंनी शांतपणे सांगितलं, आमटीत एखादं फळ चालतं. पण रोज एवढा रस पोटात गेला, तर किडन्यांना इजा होऊ शकते. इथे तेच झालं असावं. आता बंद केलात तर सुधारायची आशा आहे. आणि तो पालाही नको. त्याने फायदा होतो असं लोक म्हणतात, पण पुरती खात्री नाही. या गोळ्यांबरोबर तर नकोच. सामिनेमला ते लागलं. तरी तिने मान डोलावली.

बाहेर येताच वारसी नणंदेकडे वळली. "हृदयाला चांगलं असतं, हे मला सांगितलं कोणी?"

"मीच. आमटीत एक फळ टाक म्हणाले होते."

"रोज तुमच्यापुढे पेला धरायचा नव्हता मला. माझ्या नवऱ्याचं बरं मलाही करता येतं."

परतताना बसमध्ये दर्सो दोघींच्या मधे अंग चोरून बसला.

दुसऱ्या दिवशी सवयीने तो पेला घेऊन फाटकाशी आला. सामिनेम न थांबता पुढे गेली. त्याने "ताई" अशी हाक मारली.

"भाऊ दिसेनासा झाला वाटतं," पायरीवरून वारसी म्हणाली.

"दिसतो, म्हणूनच चालले. मागच्या दारचं ते बिलिंबीचं झाड आज तोडून टाक."

"माझ्या माहेरचं रोप आहे ते."

सामिनेम रस्त्यातच उभी राहिली, पाठ फिरवून. वारसीने नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि कोयता आणायला वळली.

"तोडते," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून नाही."