पाळीखालच्या विहिरी

आमच्याकडं जमीन नव्हती. गुंठाभरही नाही. माय-बाबा लोकांच्या वावरात राबायचे आणि होळीनंतर मजुरी आटली की आमचं घर तलावावर जगायचं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागं सरकतं आणि काळा गाळ उघडा पडतो. त्या गाळात गावातले बिनजमिनीचे लोक पेरतात. आम्ही त्याला गाळपेर म्हणतो. पाणी हातभर मागं गेलं की माय हातभर पुढं जाऊन बी टाकायची. काकडी, वाळकं, टरबूज. शेजाऱ्याच्या आणि आपल्या पट्ट्यामधली हद्द म्हणजे रोवलेली पऱ्हाटी, कापसाची सुकी काडी. ती कुणी कधी उपटली नाही. माय टोपलं घेऊन देऊळघाटच्या बाजारात बसायची. जे विकलं जात नसे ते आम्ही खायचो. सकाळी वाळूक, दुपारी वाळूक, आणि असली तर रात्री भाकर. आजही वाळकाचा वास आला की मी तोंड फिरवते. पण त्याच वाळकांवर मी बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

असा तलाव बुजवायची टूम आमच्या गावात निघाली.

सरपंच बाई आहेत, पण कारभार त्यांच्या नवऱ्याचा. सही बाईंची, आवाज यांचा. यांनी शहरातून एक सल्लागार आणला. तो आला ऐन मे महिन्यात, पांढरे बूट घालून. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून त्यानं भेगाळलेला गाळ पाहिला, आमचे वेल पाहिले, आणि म्हणाला, "एवढी जागा पडीक पडलीय!" पडीक! माझी माय त्याच्यासमोर वाकून काकडी तोडत होती.

महिन्याभरात ग्रामपंचायतीत रंगीत चित्र लागलं. अर्धा तलाव मुरूम टाकून बुजवायचा, तिथं प्लॉट पाडायचे. उरलेल्या अर्ध्यात चौपाटी. दगडी भिंत, पायडलची बोट आणि काठानं नारळाची झाडं. आमच्याकडं उन्हाळ्यात बाभळीला सावली धरवत नाही, आणि हे नारळ लावायला निघाले. लोकही असे, की चित्रासमोर उभं राहून आपला प्लॉट कोणता ते बोटानं दाखवत होते. नाल्याचं पुराचं पाणी हा तलाव गिळतो म्हणून खालच्या वस्तीतल्या चुली कोरड्या राहतात. तलावच राहिला नाही तर ते पाणी कुठं जाईल, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. आमचं घर खालच्या वस्तीत. मला पडला.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या अंगणात भरली. सरपंचांचे यजमान उभे राहिले.

"या तलावाच्या बुडातून पाणी जिरून वाया जाते. आपून शेततळ्यावानी प्लास्टिक हातरू. मंग थेंबबी हालत नाही."

"जिरून कुठं जाते, काका?" मी विचारलं.

"तू कॉलेज शिकली न? तुलेच मालूम."

हशा झाला. मागून एकजण ओरडला, "तिच्या मायची वाळकं बुडून राह्यली, म्हून बोलून राह्यली ते!"

"हो, म्हणूनच बोलून राह्यली. तुम्ही काऊन गप हा, तेबी सांगा. प्लॉट कोणता धरला?"

आता हशा त्याच्यावर झाला.

मी सल्लागाराकडं वळले. "पाऊस कमी झाला तर तुमची चौपाटी भरणार कशानं?"

"पाळीखाली बोअर घेऊ ना."

"म्हणजे तलावानं जमिनीत मुरवलेलं पाणी उपसून परत तलावात टाकायचं?"

"रिसायकलिंग, मॅडम," तो म्हणाला. खरंच म्हणाला. बुडाला प्लास्टिक घातलं की जमिनीत मुरणार काय आणि बोअरला लागणार काय, हे कळायला पदवी लागत नाही. न कळायला मात्र बरंच शिकावं लागत असेल.

पुढं भाषण द्यायचा मला कंटाळा आला. मी म्हटलं, "ज्याची इहीर पाळीखाली हाय, त्यानं तिकडं चिचेखाली बसा. ज्याले चौपाटी पाहिजे, त्यानं हापशीजवळ."

आधी कुणी हाललं नाही. मग आमच्या शेजारचे आबा काठी टेकत उठले. "माही इहीर तर पाळीच्या पायथ्यालेच हाय, बाप्पा," म्हणत चिंचेखाली जाऊन बसले. त्यांच्यामागं दोघं-तिघं. मग रांगच लागली. प्लॉट बोटानं दाखवणारेही मुकाट्यानं तिकडं सरकले. वाळकांवरून मला हिणवणारासुद्धा. तलावात जिरतं तेच पाणी आपल्या विहिरीला लागतं, एवढी साधी गोष्ट यांना उठून तिकडं बसल्याशिवाय समजली नाही. हापशीजवळ सल्लागार, यजमान आणि ज्यांच्याकडं विहीरच नाही असे चार टवाळ उरले.

टेबलामागं सरपंचबाई बसल्या होत्या. त्या कधी बोलत नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या.

"कुठं चालली वं?" यजमान खेकसले.

"चिचेखाली. संत्र्याची इहीर आपलीबी तिकडंच हाय. काय बोटीतून पाणी देता झाडाले?"

यजमानांचं तोंड मी अजून विसरले नाही, विसरायची इच्छाही नाही. सल्लागारानं चहासुद्धा घेतला नाही.

त्याच बैठकीत ठराव झाला: तलाव तलावच राहील, मुरूम नाही, प्लास्टिक नाही, आणि गाळपेरीचे पट्टे बिनजमिनीच्या लोकांकडंच राहतील. त्यावर सही सरपंचबाईंची होती आणि या वेळी आवाजही त्यांचाच. यंदा मे महिन्यात पाळीखालच्या विहिरींना पाणी आहे, आणि मायचा पट्टा मायकडंच आहे.