फळ्यावरचा शेवटचा रकाना

गिरण्यांचा संप सुरू होऊन अकरावं वर्ष चालू होतं. बारावीचे निकाल लागले त्या आठवड्यात लालबागच्या आमच्या चाळीतल्या एका कुटुंबानं आपली खोली विकायला काढली. कारण मुलीची फी. दादरच्या एका खासगी संस्थेत दीड वर्षाचा संगणकाचा कोर्स होता आणि जाहिरातीत नोकरीची हमी होती. वडील संपाआधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपानंतर गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. खोली गेली तर बिऱ्हाड नालासोपाऱ्याला जाणार होतं. बयाणा शनिवारी घ्यायचा होता.

माझा याच्याशी संबंध असा, की मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि चाळीतल्या मंडळाच्या शैक्षणिक मार्गदर्शन शिबिरात दरवर्षी बोलायचो. दैनिकात माझ्याकडे हवामान, बाजारभाव आणि शहरातले कार्यक्रम एवढंच होतं. चाळीत हा फरक कोणी करत नसे. पेपरात आहे म्हणजे सगळं माहीत असणार. हा गैरसमज दूर करण्याची मीही कधी घाई केली नाही.

शिबिर रविवारी झालं. फळ्यावर मी चार रकाने आखले होते: कोर्स, मुदत, फी, पुढे काय. पहिले तीन सुवाच्य अक्षरात भरले होते. चौथा कोरा होता. तरीही मी बराच वेळ बोललो. निर्णय विचारपूर्वक घ्यावा, हे माझ्या भाषणात पुन्हा पुन्हा येत होतं, असं मंडळाच्या खजिनदारानं नंतर सांगितलं. त्याला तेवढंच आठवत होतं.

प्रश्नांच्या वेळी ती मुलगी उभी राहिली.

"काका, शेवटचा रकाना रिकामा का?"

"ते कोर्स पूर्ण झाल्यावर कळतं."

"आमची खोली तर आधीच जाणार."

मागून खजिनदार म्हणाला, "काका बी.ए. आहेत. त्यांच्या बी.ए.पुढे काय झालं ते लिही आधी. तेवढाच एक रकाना भरेल."

सगळे हसले. मीही हसलो, कारण स्टेजवर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मुलीचे वडील हसले नाहीत. लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "तुमी पेपरात आसात," ते म्हणाले. "एकदा जावन बघून येवा. तुमी हो म्हणा, मगे शनवारी बयाणो घेवया."

मंगळवारी माझी सुट्टी होती. मी आणि मुलगी दादरला गेलो. संस्था एका साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. टाय लावलेल्या एका तरुणानं आम्हाला पंख्याखाली बसवलं, चहा आणून दिला, माहितीपत्रक दिलं. समोरच्या भिंतीवर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. प्रत्येकाखाली नाव आणि कंपनी. मी उठून बातमीदाराच्या थाटात सगळी नावं उतरवून घेतली. बातमीदार मी कधीच नव्हतो. त्या तरुणाला मी कंपन्यांबद्दल पुष्कळ प्रश्न विचारले. त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. मला तो हुशार वाटला, असं मी जिन्यात मुलीला सांगितलं.

तिथून आम्ही फोर्टात गेलो. यादीतली पहिली कंपनी अंधेरीला गेल्याचं लिफ्टमननं सांगितलं. दुसऱ्या कंपनीत एका कारकुनानं फोटोतल्या मुलाचं नाव ओळखलं. तो तिथे काही महिने पत्ते टाइप करायला होता, मग काम संपलं. तिसरी कंपनी होती आणि चालूही होती, पण आत कोणी बोलायला तयार नव्हतं. मी फूटपाथवर थांबून निष्कर्ष काढला. कंपन्या अस्तित्वात आहेत. एका विद्यार्थ्याला नोकरी लागली होती, याला दुजोरा मिळाला आहे. एकूण दावा प्रथमदर्शनी खरा दिसतो. हे मी याच शब्दांत बोललो. मुलगी उसाचा रस पीत होती.

"काका, वरच्या रांगेत तिसरा फोटो आठवतो? खाली बँक लिहिलंय तो."

मला आठवत नव्हता. यादीत मात्र होता.

"त्यानंच आपल्याला चहा दिला."

"तो टायवाला?"

"फोटोत पण तोच टाय आहे."

आम्ही दादरला परत गेलो. तो तरुण कुलूप लावायच्या तयारीत होता. मी त्याला विचारलं, फोटो तुझा का. तो हो म्हणाला. गेल्या वर्षी त्यानं तोच कोर्स पुरा केला होता. बँकेचं बोलणं चालू आहे असं संस्थेनं सांगितलं होतं, ते अजून चालू होतं. तोपर्यंत त्याला पुढच्या टेबलावर बसवलं होतं.

"सकाळी मी तुला एवढे प्रश्न विचारले. हे का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कंपन्यांचं विचारलंत, साहेब. माझं नाही विचारलंत."

मग तो मुलीकडे वळला. "वडील काय करतात?"

"मिलमध्ये होते."

"माझे पण," तो म्हणाला. त्यानं कुलूप ओढून पाहिलं. "आज फॉर्म भरू नकोस."

माझ्या व्यवसायात याला स्वतंत्र स्रोताकडून मिळालेली माहिती म्हणतात. त्या स्रोताच्या हातचा चहा मी आधीच पिऊन बसलो होतो.

दुसरा पर्याय मुलीनं स्वतः शोधला. परळच्या एका सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स होता, फी घरातल्या मिळकतीत बसणारी होती. गेल्या वर्षीचे विद्यार्थी आता कुठे आहेत, एवढंच विचारायला आम्ही गुरुवारी, मी कामावर जाण्याआधी, तिथे गेलो. मी शिस्तीनं रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोचलो तेव्हा आतल्या बाईंनी मला शर्टाची बाही वर करायला सांगितली. ती रक्त देणाऱ्यांची रांग होती. माझं स्पष्टीकरण चालू असताना मुलगी बाजूच्या दारानं आत गेली आणि मागच्या तुकडीतल्या दोघींशी बोलून आली. एक तिथेच हंगामी कामावर होती, दुसरी गिरगावातल्या एका खासगी लॅबमध्ये. दोघींना पगार मिळत होता. तो किती, हेही तिनं विचारलं होतं. माझ्या प्रश्नांत ते नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन अहवाल दिला. वडिलांनी तो अर्धा ऐकला. उरलेलं मुलीला विचारलं.

शनिवारी बयाणा घेऊन माणूस आला. वडिलांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि पैसे न घेता परत पाठवलं. पुढच्या वर्षी मंडळानं मला शिबिराला बोलावलं, पण फळा लिहायला तिला बोलावलं.

ती आता परळच्याच एका लॅबमध्ये आहे. तिचे आईवडील त्याच खोलीत राहतात. गेल्या महिन्यात मी साखर तपासायला तिच्याकडे गेलो. सुई टोचण्याआधी तिनं विचारलं, "काका, उपाशीपोटी आलात ना?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. खाली तिची सही आहे. शेऱ्यात लिहिलं आहे: नमुना उपाशीपोटीचा वाटत नाही, पुन्हा घ्यावा.