रिकाम्या ट्रेची वाट

मी बेळगावकडची. तोंड फटकळ, आणि ते बेंगळुरूच्या हवेनंही कधी थंड झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सर्किट बोर्डांच्या कारखान्यात मी प्रोग्राम लिहायला होते. काम माझ्या मनासारखं होतं: कारखाना पुस्तकात कसा चालतो ते सोडा, खरा कसा चालतो ते नोंदींवरून शोधायचं आणि त्याचं पेट्री नेट काढायचं. गोल म्हणजे माल कुठं थांबलाय, पट्टी म्हणजे काम, मधे बाण. कशामागून काय घडतं ते माझा प्रोग्राम नोंदींतून वेचायचा. दोन कामं कधी अशी, कधी तशी उलटसुलट आली, तर ती एकमेकांसाठी थांबत नाहीत, हे त्याचं त्याला कळायचं. चित्र मी नव्हतेच काढत, नोंदीच काढत होत्या. याचा मला भारी माज होता.

बोर्ड ट्रेमधून बेल्टवरून पुढं जायचे. दोन्ही टोकांना सेन्सर, मधे प्रत्येक टेबलावर काम झालं की तिथली बाई बटण दाबून नोंद करणार. पहिलं चित्र छापून आलं, तर त्यात एक वाट सुरुवातीपासून थेट शेवटाला. ना सोल्डरिंग, ना तपासणी.

आमचे साहेब पुण्याचे. गिऱ्हाइकाकडून काही बोर्ड खराब म्हणून परत आले होते, आणि त्यांना कुणाच्या तरी माथी खापर फोडायचंच होतं. "घ्या, प्रूफ मिळालं! तपासणी न करताच माल सोडतात." तपासणीच्या टेबलावर होत्या अक्का. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातल्या, नवऱ्यामागं एकटीनं संसार ओढणाऱ्या. त्यांना कामावरून काढायचं पत्र टाइपसुद्धा झालं.

माझं डोकं सटकलं. माझं चित्र म्हणजे काय आरोपपत्र होतं? ते एवढंच सांगतं की ट्रे असा गेला. का गेला, त्यात काय होतं, हे जाऊन बघायचं असतं. "सर, एकदा लाइनवर चला," म्हटलं. "डेटा आहे ना? मग कशाला?" हे उत्तर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मीच गेले. बेल्ट सुरू झाला. अक्का आपल्या टेबलावरून उठून बेल्टच्या सुरुवातीला आल्या, एका रिकाम्या ट्रेत शेवंतीचं फूल ठेवलं, कडेला कुंकू टेकवलं आणि ट्रे सोडला. पुढच्या बायकांनी नुसते हात जोडले. कामच नाही, तर बटण कोण दाबणार? शेवटच्या सेन्सरनं मात्र इमानदारीत नोंद केली.

"अय्यो, पहिला ट्रे देवाचा ग," अक्का म्हणाल्या. "दसऱ्याला एकदा पूजा करून वर्षभर मशीन राबवायचं होय? सांगितलं की साहेबांना. ऐकतात कुठं!"

मी नोंदी तपासल्या. थेट गेलेला प्रत्येक ट्रे शिफ्टचा पहिलाच होता. परत आलेले बोर्ड सगळ्या टेबलांवरून रीतसर गेलेले. त्यांचा दोष वेगळा शोधायला हवा होता.

साहेबांपुढं हे मांडलं. अक्काही समोर होत्या. साहेब जरा वरमले, पण हटले नाहीत. "ठीक आहे, पत्र मागं घेतो. पण ती वाट पुसून टाक, क्लायंटला काय दाखवायचं? आणि अक्का, उद्यापासून हे बंद, असं लिहून द्या."

"पुसणार नाही," मी म्हटलं. "घडतं ते चित्रात राहणार. फार तर त्या वाटेवर एक पट्टी घालून 'पूजा' लिहिते."

"नोकरी नकोय का?"

"हवीय की. पण खोटं चित्र हवं असेल, तर ड्रॉइंग मास्तर ठेवा."

साहेबांनी कागद आणि पेन अक्कांकडं सरकवलं. तेव्हा मात्र माझा माज उतरला. माझं काय, मला कुठंही काम मिळालं असतं. या बाईला हीच नोकरी. त्यांनी सही केली असती तर मी चकार शब्द काढला नसता.

अक्कांनी पेनाला टोपण लावलं आणि ते परत सरकवलं. "चूक असती तर पाया पडून सही केली असती. चूक नाही, मग सही कशाची? घालवायचं तर घालवा. पण पत्रात खरं कारण लिहा, देवाला फूल वाहिलं म्हणून."

साहेबांनी कागद आपल्याकडं ओढून घेतला.

"सरी, ठीक तर," म्हणत अक्का उठल्या, "मी टेबलावर आहे. लिहून झालं की बोलवा."

मी तिथं होते तोवर ते बोलावणं काही आलं नाही.